ती चिठ्ठी फाडून टाका

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला धाकट्या आत्तेभावाचा फोन आला. एवढ्या रात्री फोन वाजला की आमच्याकडे आधी पोटात गोळा येतो आणि मग हॅलो म्हटलं जातं. पण तसलं काही नव्हतं. पठ्ठ्याने एकदाचा लॅपटॉप विंडोज १० वरून ११ वर नेला होता (१४ ऑक्टोबर २०२५ ला १० ची नेहमीची देखभाल थांबली, तेव्हापासून "या रविवारी करतो" चाललं होतं) आणि आता सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा एक अगडबंब फोल्डर ठाण मांडून बसला होता. डिलीट करायला गेलं की परवानगी नाही म्हणत होता.

"दादा, तुझी ती तीन ओळींची चिठ्ठी सापडलीय. चालवू का?"

मी अंथरुणात उठून बसलो. "हात लावू नकोस!" म्हटलं. इतक्या जोरात की हिने दिवा लावला.

तर मंडळी, आजचा हा लेख त्या चिठ्ठीबद्दल. तुमच्यापैकी जे नातेवाईक आहेत त्यांच्यापैकी निम्म्यांकडे ती असणार, कारण वाटणारा मीच. २००९ च्या शेवटी विंडोज ७ आलं आणि घराघरातले एक्सपीवाले लोक नव्या मशीनवर गेले. त्यानंतर वर्षभर मला एकच फोन यायचा. "अरे, फाइल डिलीट होत नाहीये, परवानगी मागतेय." काकांचा, मावशीचा, शेजारच्या जोश्यांच्या सुनेचा. दरवेळी तेच सांगून कंटाळलो आणि एका कागदावर तीन ओळी लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या. मावसभावाच्या मुलाच्या मुंजीत तर पेढ्यांबरोबर वाटल्या म्हणायला हरकत नाही. लोक खूश. 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी माझी ख्याती झाली ती त्या तीन ओळींवर.

पहिली ओळ 'टेकओन' या हुकुमाची: हा फोल्डर, आतल्या सगळ्या पोटफोल्डरांसकट, माझ्या मालकीचा कर. दुसरी 'आयकॅकल्स'ची: या सगळ्यावर 'एव्हरीवन'ला, म्हणजे झाडून सगळ्यांना, संपूर्ण अधिकार दे. तिसरी 'आरडी'ची: आता हे आतल्या सगळ्यासकट उडव, आणि मला विचारत बसू नकोस. संपलं. काळी खिडकी उघडायची, तीन ओळी टाइप करायच्या, फोल्डर गायब.

ही चिठ्ठी मी आज जाहीरपणे मागे घेतोय. आणि माझ्या एकट्याची चिठ्ठी मागे घेऊन भागण्यासारखं नाही, कारण हीच तीन ओळींची विद्या इंटरनेटवर हजार ठिकाणी सापडते. राइट-क्लिकच्या मेनूत 'टेक ओनरशिप' घुसवून देणाऱ्या फुकट फाइली मिळतात. म्हणजे आता काळ्या खिडकीचेही कष्ट नकोत, बोट ठेवा आणि मालक व्हा. ही सगळी विद्या चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. ती चालते, हे मान्य. चालते हीच तर अडचण आहे.

पण आधी थोडं मागे जाऊ, कारण हा राग आपल्या पिढीच्या डोक्यात कुठून आला ते कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

विंडोज ९५ आणि ९८ वर आपण हात साफ केले. त्या काळच्या फॅट पद्धतीच्या डिस्कवर फाइलला मालक हा प्रकारच नव्हता. फाइलवर फार तर रीड-ओन्ली, हिडन, सिस्टिम, आर्काइव्ह असल्या चार खुणा. बाकी जो खुर्चीवर बसेल तो राजा. विंडोजचाच फोल्डर उडवून टाकला तरी मशीन बिचारं जमेल तेवढं ऐकायचं. मालकीची नोंद ठेवणारी एनटीएफएस ही पद्धत १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर आली, पण ती कचेऱ्यांसाठी. घरात ती शिरली २००१ च्या एक्सपीबरोबर, आणि तीसुद्धा चोरपावलांनी. बसवतानाच जी खाती तयार केली जायची ती सगळी ॲडमिनिस्ट्रेटर. होम आवृत्तीत तर परवानग्या दाखवणारा 'सिक्युरिटी' टॅबच लपवलेला, सेफ मोडमध्ये गेल्याशिवाय दिसायचा नाही. म्हणजे वाड्याच्या प्रत्येक खोलीला कुलूप बसवलं, किल्ल्यांचा जुडगा घरातल्या शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांच्या कमरेला अडकवला, आणि कुलपं बसवलीत हे कुणाला सांगितलंच नाही! मग २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि एकदम दारात उभं राहून "कोण आपण? काय काम आहे?" असं विचारायला लागलं. ॲडमिनिस्ट्रेटरलासुद्धा. आपण चिडलो. चिडणारच. वीस वर्षं स्वतःच्या घरात धोतर नेसून हिंडलेल्या माणसाला अचानक कुणी ओळखपत्र मागितलं तर काय होईल?

"माझा कॉम्प्युटर, माझे पैसे, मला परवानगी कुणाची?" हे वाक्य तिथलं आहे. मीही शेकडो वेळा म्हटलंय.

आता त्या संदेशाबद्दल. त्याची भाषा भयंकर आहे, यात मी आजही माघार घेणार नाही. "हा फोल्डर बदलायला तुम्हाला अमुकची परवानगी लागेल," असं तो सांगतो, आणि 'अमुक'च्या जागी कधी कधी चक्क आपलंच नाव असतं. माझी परवानगी मला लागेल! माझ्या मावशीने हे वाचून फोनवर मला विचारलं होतं, "मग मी आता कुणाला विचारू?" बरोबर आहे तिचं.

पण त्या वेड्यासारख्या वाक्यात खरं तर अर्थ भरलेला असतो. तो कुणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडा वेळ घेतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव कुणाचं आणि शेत कसतं कोण, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे खेडोपाडी कुणालाही ठाऊक असतं. फाइलचंही तसंच. एक असतो मालक. आणि त्याशिवाय वेगळी एक यादी असते: कुणी वाचावं, कुणी लिहावं, कुणी पुसावं. मालक असलात तरी यादीत तुमचं नाव पुसण्याच्या रकान्यात नसेल तर पुसता येत नाही. मग मालकीचा फायदा काय? एवढाच, की ती यादी बदलायचा हक्क मालकाला नेहमी असतो. तेव्हा 'तुमचीच परवानगी लागेल' याचा अर्थ असा की मालक तुम्ही आहात, यादीत मात्र पुसायची मुभा नाही, जाऊन यादी दुरुस्त करा. बस. (आणखी एक गंमत. फाइलच्या यादीत मुभा नसली, पण ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर 'आतलं पुसायची' मुभा असली, तरी फाइल पुसली जाते. म्हणून एकाच फोल्डरातल्या दोन फाइली एकसारख्या वागल्या नाहीत की लोक भूत आहे म्हणतात.)

मालकाच्या जागी 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' दिसला तर ती विंडोजची स्वतःची फाइल. तिचं काम विंडोजला करू द्यावं. आणि मालकाच्या जागी एस-१-५-२१ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक आकडा दिसला तर? बहुतेक ठिकाणी सांगतात की याचा अर्थ 'अनोळखी खातं, खुशाल उडवा'. इथेच माझं घोडं अडतं. का, ते सांगतो.

आमच्या अण्णांनी २००४ साली सांगलीच्या घरी कॉम्प्युटर घेतला. निवृत्त झाले होते. ८० जीबीची डिस्क, एक्सपी होम. दोन बोटांनी टाइप करायचे, पण रोज सकाळी आठ ते दहा, अगदी ऑफिसला बसल्यासारखे. बरंच काही टाइप केलं त्यांनी. घर बांधतानाचा विटा-सिमेंटपासूनचा हिशेब, आमच्या घराण्याची वंशावळ (त्यासाठी एसटीने कुठकुठल्या गावांना जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारून आले होते), आजोबांची पत्रं स्कॅन केलेली, आत्याच्या लग्नातले फोटो. एकदा त्यांनी खात्याला पासवर्ड घातला. एक्सपी पासवर्ड घातल्यावर एक प्रश्न विचारायचं: तुमच्या फाइली खाजगी करू का? अण्णा हो म्हणाले. हो म्हणणारच, सरकारी नोकरीत आयुष्य गेलेलं. आईला सांगितलंसुद्धा, "आता माझ्या कागदांना कुणी हात लावू शकणार नाही."

२०१२ मध्ये अण्णा गेले. ते मशीनही वर्षभरात बंद पडलं. दुकानदाराने डिस्क बाहेर काढून एका डबीत बसवून दिली आणि "आतलं सगळं डीव्हीडीवर काढून दिलंय" म्हणाला. आम्ही ती डीव्हीडी उघडून पाहिली नाही. कोण पाहतं?

२०१४ च्या दिवाळीत ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सांगलीला आला होता. कॉलेजात होता तेव्हा. त्याला सिनेमे भरायला डिस्क हवी होती. आईने कपाटातून ती डबी काढून दिली. त्याने ती लॅपटॉपला जोडली, बाकीचं सगळं डिलीट झालं, एक फोल्डर काही केल्या जाईना. परवानगी नाही. मालक कोण, तर एक लांबच्या लांब आकडा. भाचा हुशार. उडवायच्या आधी त्याने प्रॉपर्टीज उघडून आकार पाहिला. शून्य बाइट. आत शून्य फाइली. "आजी, हा रिकामाच आहे, करप्ट झालाय," म्हणाला, आणि आईच्या टेबलाच्या खणात ठेवलेली माझ्या अक्षरातली चिठ्ठी काढली.

तो आकडा म्हणजे अण्णा.

विंडोज आत माणसाला नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखते. नाव फक्त आपल्याला दाखवण्यापुरतं. आणि कुठल्या आकड्याचं नाव काय, ही नोंद त्या त्या मशीनवरच्या विंडोजपाशी असते. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली की नव्या विंडोजला तो आकडा वाचता येतो, पण हा कोण ते माहीत नसतं. आणि ज्या फोल्डरात डोकावायची मुभा नाही त्याचा आकार विंडोज शून्य दाखवते, कारण मोजायला आत जावं लागतं आणि आत जाता येत नाही! तो शून्य 'रिकामं' असा नव्हता, 'मला माहीत नाही' असा होता. दुकानदाराच्या डीव्हीडीवरही तो फोल्डर नव्हता. नंतर पाहिलं आम्ही. कॉपी करताना तिथेही 'परवानगी नाही' आलं असणार आणि त्याने 'स्किप' दाबलं असणार.

तीन ओळींना मिनिटभर लागलं नाही. काळ्या खिडकीतून उडवलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही.

मला कळलं चार दिवसांनी, तेही भाऊबिजेच्या जेवणात सहज विषय निघाला म्हणून. तोवर डिस्कवर सिनेमे भरले गेले होते. एनटीएफएसवर पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा 'मोकळी' म्हणून नोंदली जाते, आणि दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. म्हणून रात्रभर एक रिकव्हरीचा प्रोग्रॅम चालवला. साडेतीनशेच्या आसपास फाइली मिळाल्या. नावं गेलेली, सगळ्यांना नुसते क्रमांक. आत्याच्या लग्नातल्या काही फोटोंत वरच्या अर्ध्या भागात माणसं आणि खाली सपाट करडा रंग. आणि वीसेक कागद असे निघाले की उघडले तर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. भाचा म्हणाला, हेही करप्ट. करप्ट नव्हते ते. अण्णा युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे, तो फॉन्ट नव्या मशीनवर नव्हता. फॉन्ट टाकल्यावर घराचा हिशेब निघाला, आजीच्या औषधांची यादी निघाली. वंशावळ निघाली नाही.

ताई, तू हे वाचतेस म्हणून लिहितो: त्याला पुन्हा काही बोलू नकोस. त्याने आकार पाहिला होता. माझ्या चिठ्ठीत आकार पाहा असंही लिहिलेलं नव्हतं.

आता त्या चिठ्ठीची चिरफाड करतो. टेकओनच्या ओळीत मी एक छोटं शेपूट जोडलं होतं. ज्या फोल्डरात डोकावायची मुभा नाही तिथे हा हुकूम एक प्रश्न विचारतो: इथल्या परवानग्या बदलून तुम्हाला संपूर्ण अधिकार देऊ का? ते शेपूट म्हणजे या प्रश्नाला आगाऊ दिलेलं 'हो'. शेवटच्या आरडीच्या ओळीतही तसंच शेपूट: नक्की का, असं विचारू नकोस. म्हणजे तीन ओळींत मशीन दोनदा थबकलं असतं, आणि दोन्ही ठिकाणी मी सांगलीत नसताना, फोल्डर न पाहता, पाच वर्षं आधी 'हो' म्हणून बसलो होतो. हा माझा खरा गुन्हा. अण्णांनी २००४ मध्ये एका प्रश्नाला विचार करून हो म्हटलं. मी २००९ मध्ये न विचारलेल्या प्रश्नाला हो म्हटलं. माझं हो चाललं.

मधली ओळ तर आणखी गुणाची. एव्हरीवनला संपूर्ण अधिकार. फोल्डर लगेच उडवणारच असाल तर एक वेळ ठीक, पण लोक उडवत नाहीत, नुसतं 'उघडून' ठेवतात, आणि एकदा चटक लागली की अख्ख्या सी ड्राइव्हवर चालवतात. आमच्या एका स्नेह्यांनी केलं तसं. महिन्याभराने स्टोअरवरून घेतलेले प्रोग्रॅम उघडेनात, अपडेट होईना. कारण ते प्रोग्रॅम ज्या फोल्डरात राहतात तिथल्या परवानग्या त्यांना जशाच्या तशा लागतात. शेवटी सगळं नव्याने बसवावं लागलं. आणि हे ऐका: मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा, लोकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा 'वॉनाक्राय' आठवतोय? तो मशीनमध्ये शिरल्यावर स्वतःच्या फोल्डरात जे हुकूम सुरुवातीलाच चालवायचा त्यांत एक होता आयकॅकल्स, एव्हरीवनला संपूर्ण अधिकार. माझी दुसरी ओळ! खंडणीखोराला जी ओळ सोयीची वाटली तीच मी मुंजीत वाटत होतो.

"माझा कॉम्प्युटर" वाल्यांना माझं उत्तर इथेच आहे. परवानगी तुमच्याविरुद्ध नसते हो. तुम्ही जो प्रोग्रॅम चालवता तो तुमच्या नावाने वावरतो, तुम्हाला जे करता येतं ते त्यालाही करता येतं. तुम्ही स्वतःला दिलेला प्रत्येक अधिकार तुम्ही कुठून तरी उतरवलेल्या त्या फुकटच्या व्हिडिओ कन्व्हर्टरलाही दिलेला असतो.

आमचे लिनक्सवाले मित्र आता प्रतिक्रियेत येऊन "लिनक्स वापरा" म्हणतील, त्यांना आधीच नमस्कार. तुमच्याकडेही सात-सात-सात नावाचा हाच रोग आहे. अडलं की सगळ्या फोल्डरवर ७७७ मारायचं, आणि मग एसएसएच आपलीच किल्ली 'फार उघडी आहे' म्हणून नाकारतं तेव्हा डोकं खाजवायचं. पण एक गोष्ट तुमच्याकडून शिकलो. अण्णांची डिस्क लिनक्सच्या सीडीवरून चालू केलेल्या मशीनला जोडली असती तर तो फोल्डर सरळ उघडला असता, कारण तिथे विंडोजच्या या याद्या सहसा पाळल्याच जात नाहीत. म्हणजे परवानगी हे काही चोराला अडवणारं कुलूप नव्हे. चोराला अडवायचं तर मजकूर कूटबद्धच करावा लागतो. (एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीत तशी सोय होती. त्या फाइलींची नावं हिरवी दिसत. तिथे मालकी घेऊन काही उपयोग नाही, ज्याची किल्ली त्यालाच वाचता येतं.) परवानगी ही दारावरची पाटी आहे. ती घरातल्याच माणसांसाठी असते. घाईत असलेल्या, सिनेमे भरायला जागा हवी असलेल्या माणसांसाठी.

मग अडलं तर करायचं काय? नुसती टीका करून पळ काढणार नाही.

एक तर निम्म्या वेळा हा परवानगीचा प्रश्नच नसतो. फाइल कुठल्या तरी प्रोग्रॅमने उघडून धरलेली असते आणि आपण मालकी हक्काच्या मागे लागतो. माणूस ताटावर बसलाय, त्याच्या पुढचं ताट ओढायला सातबारा कशाला? त्याचं जेवण होऊ द्या. कोण बसलंय ते 'रिसोर्स मॉनिटर'मध्ये सीपीयूच्या टॅबवर फाइलचं नाव शोधलं की दिसतं. २०२२ पासून 'पॉवरटॉइज'मध्ये 'फाइल लॉकस्मिथ' म्हणून सोय आहे, ती वापरायला आणखी सोपी. तेही नको असेल तर मशीन बंद करून चालू करा आणि मग पुसा.

काही दारं मुद्दाम बंद असतात. व्हिस्टापासून पुढे सी ड्राइव्हवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' दिसतो आणि उघडत नाही. तो फोल्डरच नाही! जुन्या प्रोग्रॅमांना वाट चुकू नये म्हणून 'युजर्स'कडे बोट दाखवणारी ती पाटी आहे. तशाच पाट्या आतही आहेत, आणि त्यांतली एक तर आपण जिथे उभे आहोत त्याच फोल्डरकडे बोट दाखवते. तिच्यावरची मनाई काढली की कॉपी करणारे प्रोग्रॅम आत, आत, आत जात राहतात आणि डिस्क भरते. मारुतीच्या शेपटीसारखं. तेव्हा या पाट्यांना हात लावू नका.

आत्तेभावाचा विंडोज डॉट ओल्ड? तो जुन्या विंडोजचा परतीचा पास आहे. नवीन आवडलं नाही तर साधारण दहा दिवस मागे जाता येतं, त्यानंतर तो बहुधा आपोआप जातो. थांबायचं नसेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये 'टेम्पररी फाइल्स'खाली किंवा 'डिस्क क्लीनअप'मध्ये 'आधीचं विंडोज' अशी नोंद असते, तिच्यावर खूण करून काढायचा. परवानगीचा प्रश्न येतच नाही, कारण काढणारी विंडोज स्वतः.

आणि उरलेलं, म्हणजे जुन्या डिस्कवरचे न उघडणारे फोल्डर. कुणाच्या तरी अण्णांचे. इथे घाई नको. राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. मालक पाहा. आकडा दिसला तर आठवून पाहा, ही डिस्क आधी कुणाच्या मशीनमध्ये होती. मालकी घ्यावी लागली तर त्या एका फोल्डरची घ्या, अख्ख्या ड्राइव्हची नाही. मग यादीत फक्त स्वतःचं नाव घाला आणि फक्त वाचायची मुभा घ्या. पुसायची नाही. वाचायची. आत जा, बघा, हवं ते दुसरीकडे कॉपी करा, कॉपी उघडतेय का पाहा. इंग्रजी खिचडी दिसली तर जुना मराठी फॉन्ट आठवा. एवढं झाल्यावर, जमलं तर दुसऱ्या दिवशी, पुसायची मुभा घ्या. कुणी म्हणेल बॅकअप ठेवला असता तर हे कशाला लागलं असतं. अगदी खरं. पण बॅकअप घेणारालाही आधी वाचताच यावं लागतं, आमच्या डीव्हीडीवर काय झालं ते वर लिहिलंच आहे.

हे सगळं त्या चिठ्ठीसारखं तीन ओळींत बसत नाही, मला माहीत आहे. बसवणारही नाही.

तर काका, मावशी, जोश्यांच्या सूनबाई आणि त्या मुंजीतले सगळे: ती चिठ्ठी असेल तिथून काढा आणि फाडा. फोन करा मला, रात्री साडेदहाला केलात तरी चालेल. माझ्याकडची मूळ प्रत मी त्या रात्रीच फाडली.

आत्तेभावाला काल विचारलं, "फाडलीस ना?" म्हणाला, "हो दादा, तेव्हाच फाडली. फाडायच्या आधी मोबाइलवर फोटो तेवढा काढून ठेवलाय."